डिझेलची आंघोळ

मालदीवला जाऊन आलेल्या माणसाला लोक प्रश्न विचारत नाहीत, उत्तरच सांगतात. 'काय, स्वर्ग ना?' असं जिन्यात म्हणून शेजारी दोन पायऱ्या पुढे गेलेलेही असतात. आपणही 'अगदी!' म्हणतो, निळ्या पाण्याचे दोन फोटो दाखवतो आणि सुटतो. खरं काय ते सांगायचं तर त्याला जिन्यात वेळ पुरत नाही.

सहल मुलगा-सुनेने दिलेली. दानात मिळालेल्या गाईचे दात मोजायचे नसतात, हे मलाही कळतं. पण माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, आणि मोजण्याची खोड निवृत्तीबरोबर जमा करून घेत नाहीत. शिवाय मालदीवशी माझा संबंध जुना आहे. मे महिना उजाडला की हवामान खात्याच्या पत्रकात मोसमी वारे मालदीव आणि कोमोरिन भागात पोचल्याचं कधी येतं, याकडे आमचे डोळे लागलेले असत. त्यामुळे मालदीव म्हणजे पर्यटनस्थळ हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आमच्या धरणाच्या वरच्या अंगाला कुठेतरी ते असतं, एवढंच.

बुकिंग जुलैचं होतं. मे ते ऑक्टोबर तिकडेही पावसाळा, म्हणून दर उतरलेले. पुण्यात दारात पडणारा फुकटचा पाऊस सोडून, पासपोर्टवर शिक्का मारून घेऊन आम्ही त्याच पावसाच्या माहेरी निघालो.

साधारण बाराशे बेटांचा हा देश, आणि त्यातली नैसर्गिक जमीन कुठेही अडीच मीटरच्या वर जात नाही. आमच्या उपविभागातल्या कालव्याचे भराव याहून उंच होते. विमानातून ती बेटं दिसली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे लोक पूररेषा आखतात तरी कुठे? तेवढ्यात बायको 'अहो, किती सुंदर!' म्हणाली आणि दोघांच्या वतीने ते काम उरकलं.

एके काळी हा देश कवड्या विकायचा. इथल्या उथळ पाण्यातल्या कवड्या जहाजं भरभरून बंगालला जात, तिथे त्या नाणं म्हणून चालत, आणि बदल्यात तांदूळ येई. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे काझी होता, त्यानेही हा व्यवहार नोंदवून ठेवलाय. मग १९७२ साली कुरुंबा बेटावर पहिलं रिसॉर्ट उघडलं आणि गंगा उलटी वाहायला लागली. आता माणसं जहाज-विमानं भरभरून तिकडे जातात आणि डॉलर ठेवून येतात.

माले विमानतळावरून पुढे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. त्यात चढण्याआधी सामान काट्यावर घालतात. वीस किलोची बॅग आणि हातातलं पाच किलो, पुढे किलोमागे पैसे. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि चिवडा यांचं जादा भाडं आम्ही डॉलरमध्ये भरलं. काउंटरवरच्या मुलीने 'फूड?' विचारलं, बायकोने 'मेडिसिन' म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे न बघता पुढे गेली. विमानात पायलट अनवाणी. मधे दार नाही, त्यामुळे त्याच्या टाचा सबंध प्रवासभर माझ्यासमोर. टाचा स्वच्छ होत्या, हे नमूद करतो.

बेटावर उतरल्यावर आधी घड्याळाचा घोळ. मालेची वेळ आपल्यामागे अर्धा तास. पण रिसॉर्टने बेटापुरतं घड्याळ एक तास पुढे केलेलं, पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं म्हणून. बऱ्याच बेटांवर असंच करतात म्हणे. म्हणजे पुण्यात बारा, मालेत साडेअकरा आणि बेटावर साडेबारा. तीन वेळा मनात ठेवून मी रक्तदाबाची गोळी घेत होतो. ऊन मात्र तिन्ही वेळांत सारखंच बेपत्ता होतं.

खोली पाण्यावरची. खांबांवर उभी, जमिनीत काच बसवलेली, काचेखाली मासे. पलंगावर टॉवेलचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसवलेले, भोवती बोगनवेलीची फुलं. बेटावरचे बाकी सगळे हनिमूनवाले, त्यामुळे आमच्याही वाट्याला हंस आले. ते मोडायला बायकोला धीर होईना. रात्री त्यांना अलगद उचलून खुर्चीत बसवलं, तेव्हा कुठे आम्हाला झोपायला जागा झाली. न्हाणीघराला छप्पर नव्हतं. जाहिरातीत ही चैन म्हणून छापतात. जुलैत तिचा अर्थ इतकाच, की शॉवर बंद केला तरी आंघोळ चालू राहते.

आता मूळ मुद्दा. तोंड धुताना मला प्रश्न पडला, की हे गोडं पाणी येतं कुठून? नदी नाही, ओढा नाही, धरण तर नाहीच. वाळूखाली पावसाच्या पाण्याचा पातळसा थर असतो, पण त्यावर एवढं रिसॉर्ट चालणार नाही. खोली आवरायला येणाऱ्या बांगलादेशी मुलाला विचारलं. तो म्हणाला, 'सर, मिनरल वॉटर फ्रिजमध्ये आहे.' रिसेप्शनवर विचारलं, तर त्यांनी माफी मागून पपईचा रस पाठवला. स्वर्गात तक्रारीखेरीज कुणी प्रश्न विचारत नसावं. शेवटी दुसऱ्या दिवशी केरळचे एक इंजिनिअर स्वतः खोलीवर आले, चेहऱ्यावर 'कुठे गळतंय?' असा भाव. मी म्हटलं, गळत काही नाही, प्लांट बघायचाय. त्या माणसाचा चेहरा असा काही फुलला, की त्यापुढे ते टॉवेलचे हंस काहीच नव्हेत.

बेटाच्या मधोमध झाडांची दाट भिंत आहे. तिच्यात, नीट पाहिलं तरच दिसेल असं, हिरव्या रंगाचं दार. दाराच्या अलीकडे बासरीचं संगीत, पलीकडे डिझेल जनरेटरची धडधड. तिथे कपडे धुण्याच्या कारखान्याएवढ्या मशिनी, भाजीच्या पेट्या, कामगारांची वसतिगृहं, मशीद, कँटीन, कचरा दाबायचं यंत्र, मैलापाणी शुद्ध करायच्या टाक्या. एक आख्खी नगरपालिका झाडाआड लपवून ठेवलेली. कँटीनमधून मसुराच्या आमटीला फोडणी दिल्याचा वास आला आणि परक्या मुलखात आल्यापासून पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

आरओ प्लांट शेडमध्ये. पांढऱ्या लांब नळकांड्यांची उतरंड, आत पडद्यांच्या गुंडाळ्या. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते मागे ठेवायचं तर पाणी साठेक बारच्या दाबाने त्या पडद्यांतून रेटावं लागतं. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीस-तीस पट हा दाब. एवढं करून निम्म्याहून कमी पाणी गोडं होऊन येतं, उरलेलं जास्त खारट होऊन समुद्रात परत जातं. हजार लिटरला किमान तीन-चार युनिट वीज, ती डिझेलची, आणि डिझेल बोटीने येणार. इंजिनिअरसाहेबांनी लॉगशीट दाखवली. तासातासाचा दाब, क्षारता, सही. इतकी नेटकी लॉगशीट बघून मला भरून आलं. आम्ही दोघांनी पंपांच्या आवाजात ओरडून ओरडून तासभर गप्पा मारल्या. २०१४च्या डिसेंबरमध्ये मालेतल्या पाण्याच्या प्लांटला आग लागली आणि राजधानी कोरडी पडली, तेव्हा भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजाने पाणी पोचवलं होतं, ती आठवण निघाली. मग वाळूचा विषय. बेटं प्रवाळाच्या वाळूची, ती काँक्रीटला चालत नाही, म्हणून मालदीवला नदीची वाळू आणि खडी भारतातून जाते, लाखो टन. सगळा देश वाळूवर बसलेला आणि वाळू आपण पुरवतो! कांद्याचंही तेच. आपल्याकडे निर्यातबंदी असली तरी मालदीवचा कोटा वेगळा काढलेला असतो. त्यामुळे बुफेतल्या कोशिंबिरीत जो कांदा मला भेटला, तो नाशिककडचा असावा असं धरून मी त्याची आपुलकीने चौकशी केली.

त्या दिवसापासून शॉवरखाली उभं राहणं मला जमेना. डोक्यावर डिझेल पडतंय असं वाटायचं. बादली-मग मागवावा तर रिसॉर्टमध्ये बादली नावाची वस्तू नाही. अखेर शँपेन थंड करायची चकचकीत बादली होती, ती घेतली. दात घासायचा पेला तांब्या म्हणून. गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि डोक्यावर पेले ओतत मोजून साडेतीन बादल्यांत आंघोळ उरकली. दुसऱ्या दिवशी खोली आवरणाऱ्या मुलाला ती बादली न्हाणीघरात, साबण लागलेली सापडली. तो काही बोलला नाही. संध्याकाळी परत आलो तर तिथे दुप्पट मोठी बादली, शेजारी स्टीलचा डाव, आणि बसायला लाकडाचं बुटकं स्टूल. त्याच्या गावीही अशीच आंघोळ करत असणार. स्वर्गातल्या सेवेबद्दल कुणी विचारलं तर मी या स्टुलाबद्दल सांगतो.

पाटबंधारे खात्यातला असून मला पोहता येत नाही. बायको टिळक तलावावर शिकलेली. ती नळी तोंडात धरून रोज सकाळी पाण्यात उडी टाकायची आणि मी काठावर चप्पल राखत बसायचो. तासाभराने वर येऊन बातम्या द्यायची. किनाऱ्याच्या उथळ पाण्यात शार्कची पिल्लं तिच्या पोटऱ्यांजवळून फिरत होती, त्याचं तिला काही नाही. 'चावत नाहीत हो, लाजाळू आहेत.' प्रवाळाबद्दल मात्र ती हिरमुसली होती. फोटोत लाल-जांभळं दिसतं ते इथे पुष्कळसं राखाडी, मोडकं. १९९८ आणि २०१६ साली समुद्र तापला आणि मालदीवचे प्रवाळ पांढरे पडून मोठ्या प्रमाणावर मेले. जाहिरातीतले फोटो कधीचे, ते विचारायला हवं होतं. पण पोपटमासे भरपूर. ते दातांनी प्रवाळाचा खडक कुरतडतात, आणि पाण्यात डोकं घातलं की तो करकर आवाज स्पष्ट ऐकू येतो. खडक पोटात दळला जातो आणि मागून वाळू होऊन पडतो. एक मोठा मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू करतो. ही जगप्रसिद्ध पांढरीशुभ्र वाळू पुष्कळशी अशी झालेली. शेजारच्या खोलीतलं जोडपं तिच्यात बदाम काढून एकमेकांची नावं लिहीत होतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. फोटो काढून दिला. बेटावर हनिमून नसलेला आणि रिकामा असा मी एकटाच असल्यामुळे सगळ्यांचे फोटो माझ्याकडेच येत.

याच देशाने १७ ऑक्टोबर २००९ला मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली होती. समुद्र वाढतोय हे जगाला कळावं म्हणून राष्ट्राध्यक्ष नशीद आणि मंत्री पाठीला सिलिंडर बांधून तळाशी जाऊन बसले आणि खाणाखुणा करून कामकाज केलं. बैठक अर्ध्या तासात आटोपली. आयुष्यभर बैठकांना बसलेला माणूस म्हणून सांगतो, कुणालाही बोलता येणार नाही अशी जागा निवडण्यात मोठी दूरदृष्टी आहे.

जेवणाचं थोडक्यात. सकाळी मास हुनी नावाचा प्रकार असतो: टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत रोशी, म्हणजे आपली पोळीच. कोकणातल्या माणसाला यात परकं काही वाटू नये. बाकी बुफेत पस्तीस तऱ्हेची केकं होती, त्यांच्यावर काही म्हणणं नाही. एक कावळाही होता, अस्सल आपल्याकडचा, राखाडी मानेचा. नारळ-सुपारीच्या देखाव्यात तो बसत नसल्यामुळे एक माणूस हातात पाण्याची पिचकारी घेऊन त्याच्या मागावर असे. बायकोने सवयीने पानातला पहिला घास बाजूला काढून कठड्यावर ठेवला, तेव्हा पिचकारीवाला क्षणभर थांबला आणि दुसरीकडे बघत उभा राहिला.

निघताना बिल. मुलाने पॅकेज भरलं होतं, पण पॅकेजबाहेर पुष्कळ काही असतं. आधी दहा टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्यासकट सगळ्यावर सतरा टक्के कर, म्हणजे शंभर डॉलरची वस्तू जवळपास १२९ला पडते. वर माणशी रोज १२ डॉलर ग्रीन टॅक्स. तो मात्र मी खळखळ न करता भरला. ते डिझेल मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

जायचं असेल त्यांनी खुशाल जावं. जुलैत जाऊ नये. दर विचारताना करासकट विचारावा, आधी पोहायला शिकावं, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी ते हिरवं दार कुठे आहे हे विचारून घ्यावं. आंघोळीला प्लॅस्टिकचा मग घरून न्यावा. विमानाच्या काट्यावर त्याचं वजन शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही.