रक्त शाकाहारी आहे हो!

आमच्या घरी पाणी गाळल्याशिवाय माठात जात नाही, कांदा-लसूण उंबरठा ओलांडत नाही आणि दिवेलागणीच्या आत ताटं घासून पालथी पडतात. गाव शिरपूर जैन, अंतरिक्ष पार्श्वनाथांचं. चातुर्मासात तर पाय टाकण्याआधी खाली मुंगी नाही ना, हे बघायचं. अशा घरातला मी कर्ता पुरुष. सगळे झोपले, की इयरफोन कानात खुपसतो आणि ‘ईव्हिल डेड’ या भयपटाचा दुसरा भाग लावतो.

दुसराच का? 1981 चा पहिला खरोखर घाबरवतो. 1987 च्या दुसऱ्यात सॅम रेमीने जंगलातली तीच झोपडी, तोच नायक अ‍ॅश घेतला आणि भीतीत मनसोक्त धिंगाणा कालवला. तसं जुनंच प्रकरण नव्याने बघायचं शिरपूरकरांच्या अंगवळणी आहे. आमच्या मंदिराचा दावा 1929 साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात जाऊन आला. पुढे 1981 पासून दार बंद, ते सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडलं. हॉलिवूडवाल्यांनी सिक्वेलच्या गप्पा आम्हाला सांगू नयेत.

राहता राहिलं पाप. त्याचा हिशेब मी लावून ठेवलाय. पहिल्या भागातलं रक्त मक्याच्या सिरपचं. म्हणजे शाकाहारी, वर कंदमूळही नाही. दुसऱ्यात रेमीने सेन्सॉरची नजर चुकवायला हिरवं-काळं रक्तही उडवलं. हिरव्याला हिंसा म्हणायचं की चटणी? फक्त एक प्रसंग काही केल्या पचत नाही. भुताचा डोळा फटकन निखळतो, हवेतून सुसाट येतो आणि एका मुलीच्या उघड्या तोंडात जातो. सूर्यास्तानंतर! तेही न गाळता!

परवा अ‍ॅशचा हात त्याच्यावरच उलटला. त्याने तो यांत्रिक करवतीने मनगटापासून उतरवला, पळून जाऊ नये म्हणून वर बादली उपडी घातली, बादलीवर पुस्तकं रचली आणि नेमकी आई पाठीशी.

“काय पाहून राहिला रे?”

फोन लपवायला सवड नव्हती. रक्त मक्याचं आहे, हात काही खरा तुटलेला नाही, असं भराभर सांगून टाकलं. तिने चष्मा चढवला, फोन हातातून घेऊन नाकाजवळ नेला.

“या बादलीखाली काय हाय?”

“हात कोंडलाय.”

“जिता हाय?”

“हो.”

“मंग जराशी फट ठेव म्हना त्याले. जीव घुसमटंल ना हाताचा!”