लँडलाइन ठेवा, पण बॅटरीसकट

फायबर जोडायला आलेला मुलगा भिंतीला भोक पाडता पाडता विचारतो, ‘‘फोन पण लावायचाय का, की नुसतं नेट?’’ घरातलं तरुण कुणीतरी आतूनच सांगतं, ‘‘नुसतं नेट. फोन कोण वापरतंय आता!’’ झाला निर्णय. खाटेवर बसलेल्या आजीला कुणी विचारतच नाही. तो फोन लागणार असतो नेमका तिलाच.

पैशांचा मुद्दा तर आता उरलेलाच नाही. २०१९च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं तेच प्लॅनमध्ये फुकट कॉल घेऊन. आज बहुतेक कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये देशभरातले कॉल धरलेले असतात. फोन जोडा न जोडा, बिल तेवढंच. खर्च काय तो यंत्राचा, आणि तो एकदाच.

म्हणून विचार खर्चाचा नको, घरातल्या माणसांचा करा. कापऱ्या हातांना, कोरड्या पडलेल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. मोबाइल नेमका हवा तेव्हा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असतो, नाहीतर उशीखाली सायलेंट. लँडलाइन आपल्या जागेवर असते, मोठ्या बटणांची असते. पहिलीतलं पोरही रिसीव्हर उचलून ११२ फिरवू शकतं. दुपारी आजोबांजवळ थांबणाऱ्या बाईंच्या मोबाइलचा बॅलन्स संपला तरी त्यांचं अडत नाही. मुंबई-पुण्याच्या जाड भिंतींच्या इमारतींत आणि कोकणातल्या खोलगट वाड्यांत रेंजची काय गत असते, हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

घरात दोघंच, दोघंही धडधाकट, दोघांकडे मोबाइल आणि रेंज उत्तम, अशांनी फोन खुशाल काढून टाकावा. निव्वळ आठवण म्हणून यंत्र जपण्यात मला रस नाही.

जुना नंबर सोडताना मात्र घाई नको. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलायची सोय जानेवारी २०११मध्ये देशभर झाली. लँडलाइनला ती सोय अजून नाही. दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलंत की घराचा नंबर गेला. तोच नंबर विम्याच्या कागदांवर असतो, बँकेत असतो, गावाकडच्या मावशीच्या वहीत असतो. आहे त्याच कंपनीचं फायबर घेत असाल, तर तोच नंबर फायबरवर मिळेल का ते आधी विचारा. मिळत नसेल तर जुनी जोडणी महिनाभर राहू द्या, सगळीकडे नवा नंबर कळवा, मग बंद करा. आणि बंद करताना अनामत रक्कम परत मागा. ती तुमचीच आहे.

यंत्र घ्याल ते पलीकडचा नंबर दाखवणारंच घ्या. ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारे भामटे एकट्या म्हाताऱ्या माणसांच्या शोधात असतात, आणि दुपारी घरात कोण एकटं असतं हे त्यांना ठाऊक असतं. जाहिरातींचे कॉल थांबवायला १९०९वर नोंदणी करा, लँडलाइनसाठीही ती होते. शिवाय १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतो. तो शून्य न लावल्यामुळे ‘फोनच लागत नाही’ म्हणून हात टेकलेली कितीतरी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. मुलांचे नंबर शून्यासकट, ठळक अक्षरांत फोनशेजारी चिकटवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे जोडणी विकणारा सांगत नाही. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज थेट आपल्या फोनपर्यंत यायची. म्हणून लाइट गेली तरी डायलटोन असायचा. तांब्याचे गोडवे मी गाणार नाही. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की आठवडाआठवडा खरखर ऐकलेले आपण सगळे आहोत. पण फायबर म्हणजे काच. तिच्यातून प्रकाश येतो, वीज येत नाही. भिंतीवरचा डबा चालतो आपल्या घरच्या सॉकेटवर. लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर रायगड-दापोलीकडे विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवरही बंद पडले, आणि गावंच्या गावं निरोपाला महाग झाली. माणसाला फोन लागतो तो अशाच दिवसांत.

ब्रिटनमध्ये ज्यांचा सगळा भार लँडलाइनवर आहे, त्यांना वीज गेल्यावर निदान तासभर आपत्कालीन कॉल करता येईल अशी सोय कंपनीने द्यावी, असं तिथल्या दूरसंचार नियामकाने, ऑफकॉमने, बजावलं आहे. अमेरिकेत चोवीस तासांच्या बॅटरीचा पर्याय ग्राहकापुढे ठेवणं कंपन्यांवर २०२५पर्यंत बंधनकारक होतं. आपल्याकडे बसवणारा अडॅप्टर खोचतो आणि निघून जातो. ज्या घरात साठीपुढचं माणूस आहे तिथे जोडणीसोबत बॅटरी दिलीच पाहिजे, अशी अट आपल्या नियामकाने, ट्रायने, घालावी आणि ती कंपन्यांच्या खर्चाने पाळली जावी. घराघरांत तार पोचवून महिन्याचं बिल घेणाऱ्यांना हे जड नाही.

तोवर फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर राउटरसाठी मिळतो तो छोटा यूपीएस लावा. मग मेन स्विच बंद करा, रिसीव्हर उचला आणि डायलटोन येतोय का ते बघा.