तळघरातला बारार्थी

न्यू जर्सीतल्या मराठी घराला तळघर असलं, की त्यात आधी ट्रेडमिल येते, मग गणपतीचं मखर येतं आणि एखाद्या मे महिन्यात कुणाचा तरी मुलगा येतो. भारतातून एलएल.बी., इथून एलएल.एम., आणि आता न्यूयॉर्कची बार परीक्षा. "दोनच महिन्यांचा प्रश्न आहे हो," असं त्याचे वडील फोनवर सांगतात.

प्रश्न दोन महिन्यांचा कधीच नसतो. परीक्षा जुलैच्या शेवटच्या मंगळवार-बुधवारी, अर्ज त्याच्या काही महिने आधी. पण परदेशी पदवीवाल्याला मुळात परीक्षेला बसता येतं का, हे परीक्षा घेणारं बोर्ड त्याहून कितीतरी आधी तपासून घेतं. त्यासाठी गुणपत्रिका विद्यापीठाने थेट बोर्डाला पाठवायच्या. उमेदवाराच्या हातून आलेला कागद चालत नाही. इथून वडिलांची परीक्षा सुरू होते. विद्यापीठाच्या खिडकीतले साहेब म्हणतात, "पाकीट तुम्हीच टाका की पोस्टात." वडील म्हणतात, "नाही, तुम्हीच टाकायचं." "मग तसं त्यांचं पत्र आणा." शेवटी वडील बोर्डाच्या वेबसाइटची प्रिंट काढतात, तिच्यावर नोटरीचा शिक्का मारून आणतात, आणि शिक्का बघून खिडकी विरघळते.

फी 750 डॉलर. इथल्याच पदवीधराला 250. हा फरक बारार्थी रोज नव्या दराने रुपयांत करून बघतो.

मग तयारी. क्लासची व्याख्यानं तो दीडपट वेगाने ऐकतो, त्यामुळे दोन आठवड्यांत बोलायलाही दीडपट वेगाने लागतो. चहाला वर आला, की समोर दिसेल त्याच्यावर कायदा लावतो. शेजाऱ्याचा कुत्रा, गॅरेजमधली शिडी, यजमान काकांची देवरुखची आमराई, काही सुटत नाही. आमराई नातवाच्या मुलाला ठेवायचं नुसतं मनात आणलं तरी हा मुदत बोटांवर मोजायला लागतो : हयात असलेल्या माणसाचा मृत्यू, अधिक 21 वर्षं. काका हयात असतात आणि समोरच बसलेले असतात.

एकदा जिन्यावर पाणी सांडलं होतं. "काकू, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर इथे घसरला तर तो इन्व्हायटी; त्याच्यासाठी जिना आधी तपासून ठेवणं तुमचं कर्तव्य. मी घसरलो तर मी नुसता लायसन्सी. धोका तुम्हाला माहीत असेल तेवढाच सांगायचा."

"म्हणजे? पाहुणा तू, की प्लंबर?"

"पाहुणा म्हणूनच लायसन्सी."

काकूंनी त्या दिवशी पोहे वाढले, पण खोबरं घातलं नाही.

यातली गंमत अशी, की खुद्द न्यूयॉर्कने हा भेद 1976 सालीच निकालात काढला आहे. पण परीक्षा अनेक राज्यांची मिळून एकच, त्यामुळे तिच्यात सर्वसाधारण, कुठल्याच एका गावचा नसलेला कायदा विचारतात. न्यूयॉर्कच्या कायद्याची परीक्षा वेगळी : 50 प्रश्न, ऑनलाइन, पुस्तक उघडं ठेवून. ज्या कायद्यावर पोट भरायचं तो बघून लिहायचा आणि जो उद्या लागणार नाही तो तोंडपाठ, ही योजना कुणा पुणेकराने आखली असावी असा मला दाट संशय आहे.

मुख्य परीक्षेत पहिल्या दिवशी सहा निबंध आणि दोन बनावट खटल्यांच्या फायली, दुसऱ्या दिवशी 200 वस्तुनिष्ठ प्रश्न. 400 पैकी 266 हवेत. पास झालं तरी सनद लगेच नाही. 50 तासांची विनामोबदला कायदेसेवा दाखवायची आणि चारित्र्य चांगलं असल्याची प्रतिज्ञापत्रंही द्यायची. ती नातेवाइकांची चालत नाहीत. त्यामुळे इतके दिवस "काका, काका" करणारा बारार्थी एका संध्याकाळी गंभीर होऊन खाली बसतो आणि सिद्ध करतो, की काका त्याचे कुणीही लागत नाहीत : वडिलांच्या ऑफिसातल्या मित्राचे मावसभाऊ, रक्ताचं नातं नाही, लग्नाचं नाही. युक्तिवाद बिनतोड असतो. काका सही करतात, जरा खट्टू होऊन.

निकाल साधारण ऑक्टोबरच्या शेवटी लागतो. तोवर तुमच्याकडे असा कुणी उतरला असेल, तर त्याला पेपर कसे गेले हे विचारू नका आणि घरभाड्याच्या करारावर सल्ला तर मुळीच मागू नका. "मी अजून वकील नाही," असं तो आधी स्पष्ट बजावेल, आणि मग रात्री साडेअकरापर्यंत देईल.