कुत्रं चालतं का, सर?

मिरचीला भाव लागला की पूर्वी सिल्लोडात बुलेट यायची. आता बुलेटच्या पाठोपाठ लॅब्रॅडॉर येतो. घरातली पोरं त्याला ब्रुनो म्हणतात, आजी ‘बुरनू’ म्हणते, आणि तो दोन्ही नावांकडे सारखंच दुर्लक्ष करतो. परीक्षा संपल्या की घरात एकच प्रश्न: सुट्टीत जायचं कुठं आणि ब्रुनोचं करायचं काय? मोत्याच्या काळात हा प्रश्नच नव्हता. घराला कुलूप, चावी शेजारी, मोत्या ओट्यावर. आठवड्याने परत यावं तर मोत्या त्याच ओट्यावर, फक्त शेजाऱ्यांच्या भाकरीवर जरा गुबगुबीत झालेला. ब्रुनोला ओटा चालत नाही. त्याला कूलरसमोरची फरशी लागते, तीही पुसलेली. मग ठरतं की त्यालाही न्यायचं, पण जवळच कुठंतरी.

जवळच कुठंतरी म्हणजे नेमकं कुठं, हे शोधायला आमच्या शेजारच्या सरांनी एका रिसॉर्टला फोन लावला. स्पीकरवर लावला, त्यामुळे तो गल्लीचाच फोन झाला.

“आमच्याकडं पेट फ्रेंडली आहे, सर.”

“म्हणजे कुत्रं चालतं?”

“ब्रीड कोणती, सर?”

“लॅब्रॅडॉर.”

“मग चालतं. फक्त स्विमिंग पुलात नाही, डायनिंग हॉलमध्ये नाही, गादीवर नाही, लॉनवर मोकळं नाही. दिवसाचे हजार रुपये वेगळे.”

“मग चालतं तरी कुठं?”

“पार्किंगमध्ये, सर.”

सरांनी सहज विचारलं, “अन् गावरान असलं तर?”

“गावरान नाही घेत, सर. ते तर किचनच्या मागं तसेही सात-आठ पडलेले असतात.”

गल्ली हसली. पण माणूस खरं बोलला. कुत्र्यांत जात पाहूनच खोली मिळते, आणि कुणाला त्यात काही खटकत नाही. खटकायला हवं असेल तर ब्रुनोच्या मालकाला आडनाव विचारून खोली देऊन बघा.

सिल्लोडकराला जवळची सहल म्हटलं की अजिंठा. पाहुणा आला की अजिंठा, जावई आला की अजिंठा, जळगावकडच्या वऱ्हाडाला वाटेत अजिंठा. ब्रुनोलाही दाखवू म्हणून फर्दापूरच्या टी-पॉइंटला गेलात तर तिथंच थांबाल. पुढचे चारेक किलोमीटर आपली गाडी चालत नाही, बसने जायचं; आणि बसचं जमवलंत तरी आत १९५९चे नियम बसलेले आहेत. संरक्षित स्मारकात, त्याच्या देखभालीचं काम नसेल तर, कोणतंही जनावर आणायला मनाई आहे. लेण्यांसमोरच्या वानरांनी हे नियम वाचलेले नाहीत, त्यामुळे ती रोज येतात. अजिंठा सोमवारी बंद असतो. ब्रुनोला उरलेले सहा दिवसही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. दीड-दोन हजार वर्षांच्या चित्रांसमोर कुणी एक पाय वर करावा, अशी कुणाचीच इच्छा नसणार. पण १८१९च्या एप्रिलमध्ये वाघामागे आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज कप्तानाने दहाव्या लेण्यात चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरली, आणि आपण आजही त्याला ‘लेणी शोधणारा’ म्हणतो. ब्रुनोला तर कोरताही येत नाही.

ज्या जातककथांनी अजिंठ्याच्या भिंती भरल्या आहेत, त्या कथासंग्रहात बाविसाव्या क्रमांकाची कथा कुत्र्याची आहे. कुक्कुर जातक. तिच्यात बोधिसत्त्वच कुत्र्याच्या जन्माला आलेला असतो आणि मसणवट्यात राहणाऱ्या टोळीचा म्होरक्या असतो. बनारसचा राजा रथातून फिरून येतो, रथ रात्री अंगणातच राहतो, पाऊस पडतो, चामड्याचा साज भिजतो, आणि महालातली जातिवंत कुत्री तो साज कुरतडून खातात. सकाळी राजाला सांगितलं जातं की कुत्र्यांनी साज खाल्ला. राजा हुकूम सोडतो: दिसेल ते कुत्रं मारा. महालातली सोडून. कत्तल सुरू होते. उरलेली कुत्री मसणवट्यात धाव घेतात. म्होरक्या विचार करतो, महालाला पहारा आहे, बाहेरचं कुत्रं आत जाऊ शकत नाही, मग साज खाल्ला कुणी? तो एकटा थेट दरबारात जातो, सिंहासनाखाली बसतो आणि राजालाच विचारतो: सगळ्यांना मारताय, मग घरची का वगळली? आणि राजाला म्हणतो, ताक आणा, त्यात दर्भ चुरगाळून घाला आणि ते तुमच्या लाडक्यांना पाजा. पाजतात. लाडकी कुत्री चामड्याचे तुकडे ओकतात.

ही गोष्ट निदान दोन हजार वर्षं जुनी असावी आणि ती मला कोणत्याही वर्तमानपत्रापेक्षा ताजी वाटते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्थानकं अशा जागांवरून भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. चावा घेणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न खोटा नाही. ज्याच्या घरातलं पोर रेबीजची सुई घ्यायला रांगेत उभं आहे, त्याच्यासमोर मी जातक वाचणार नाही. पण ही कुत्री स्थानकावर आली कुठून, हे विचारायला गेलं की उत्तर महालाकडं जातं. पिल्लू असताना पोरांनी हट्ट करून आणलेलं, मोठं झाल्यावर केस गळतात म्हणून मोटारसायकलवर घालून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडलेलं. शिळ्या बिर्याणीची पिशवी रात्री गुपचूप कोपऱ्यावर टाकणारे हात. नसबंदीच्या नावाने बोंब. ताक आणि दर्भ कुणाला पाजायचा, ते ज्याने त्याने ठरवावं.

लेणी नाही तर जंगल, असं म्हणाल. कन्नडच्या बाजूला गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ सालचं. तिथंही ब्रुनो नको, आणि इथं मी वनखात्याच्या बाजूने आहे. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा रोग मुळात कुत्र्यांचा. आपलं लाडकं एका झाडापाशी सहज वास घेऊन येतं आणि मागे काय ठेवून जातं, ते ना त्याला कळतं ना आपल्याला. उलट बाजूनेही हिशेब आहेच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्या नेमकं काय खातो याचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्याच्या पोटात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. आमच्या अजिंठ्याच्या डोंगरातही बिबटे आहेत. ब्रीड न विचारता कुत्र्याचं स्वागत करणारा या पट्ट्यातला यजमान तेवढा एकच.

देवाच्या दारी जावं म्हटलं, तर दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री आहेत आणि खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रं धावतं. तसबिरीतली चालतात, कारण ती हलत नाहीत. पायरीवर खरं आलं की पुजारी काठी शोधतो. श्रावणात केळगावच्या मुर्डेश्वराला गर्दी असते, धबधबा असतो, सगळं असतं. ब्रुनोसाठी मात्र गाडीची काच दोन बोटं खाली. (ही दोन बोटंही उन्हाळ्यात पुरत नाहीत. बंद गाडी काही मिनिटांत तापते आणि कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही. हे एवढं एक वाक्य विनोदातून वगळून वाचा.) रायगडावर वाघ्याची समाधी आहे, पण तो कुत्राही दगडी, १९३६ सालचा, आणि २०२५ मध्ये त्यालाही खाली उतरवण्याची मागणी झाली. गडावर दगडी कुत्र्याचं रिझर्व्हेशन वेटिंगवर असेल, तर ब्रुनोने कन्फर्म तिकिटाची आशा धरू नये.

तिकिटावरून आठवलं. रेल्वेत कुत्रं नेता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. फक्त फर्स्ट क्लासचा दोन किंवा चार बर्थचा कूपे पूर्ण आपल्या नावावर हवा. नसेल तर कुत्रं गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. स्लीपर, थ्री टियर, टू टियर, कुठंच नाही. म्हणजे पुन्हा महाल किंवा पिंजरा, मधला वर्ग नाही. सिल्लोडकराला याची अजून चिंता नको, कारण त्याला स्वतःलाच रेल्वे नाही. जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली आहे. तो मार्ग होईतोवर ब्रुनो आजोबा झालेला असेल. तोवर संभाजीनगर-जळगाव रस्ता आहे. त्याच्या कामाने किती सुट्ट्या खाल्ल्या, ते या पट्ट्यात कुणाला सांगायची गरज नाही.

आता ज्यांनी कुत्र्यासोबत प्रवास कधी सोडलाच नाही, त्यांच्याकडे बघा. सुगी झाली की मोकळ्या रानात धनगरांचा वाडा उतरतो. घोड्यावर संसार: बाज, पातेली, जाळीत कोंबड्या, वर कधी नुकतं जन्मलेलं कोकरू. कुत्रं पायी. त्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूने खिळे निघालेला पट्टा असतो. शहरातला माणूस तो बघून ‘अरेरे, किती क्रूर’ म्हणतो. तो पट्टा कुत्र्याला टोचण्यासाठी नाही, त्याचा गळा धरणाऱ्या लांडग्या-बिबट्याच्या तोंडासाठी आहे. हा एवढा साधा जुगाड ब्रुनोच्या दोन हजारांच्या, नाव कोरलेल्या पट्ट्यात नाही. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसतात, त्याच्या जमिनीला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि कुत्रं कळपाभोवती फिरत राहतं. त्याची सुट्टी कधी, हे त्याने कधी विचारलं नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीची माणसं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सरपण, पत्रे, लेकरं, म्हातारी, आणि सामानाच्या सगळ्यात वर, कुणी न चढवता चढून बसलेलं पिवळसर गावरान कुत्रं. वारा खात, जीभ बाहेर काढून. तो चेहरा एकदा नीट बघा. इतकं निवांत तोंड रिसॉर्टच्या जाहिरातीतल्या एकाही कुत्र्याचं नसतं. मालक कर्जाच्या उचलीपायी कारखान्याला चाललाय, कुत्र्याला वाटतंय आपण सगळे मिळून कुठंतरी निघालो. त्या ट्रॉलीवर पेट फ्रेंडलीची पाटी नाही आणि दिवसाचे हजार रुपये वेगळेही नाहीत.

मग ब्रुनोने जायचं कुठं? सरांना मी जे सांगितलं तेच इथं लिहितो. कुत्र्याला निसर्गरम्य स्थळ कळत नाही. त्याला दरी, सूर्यास्त, इन्फिनिटी पूल यांतलं काही नको असतं. त्याला नवा वास हवा असतो, पळायला जागा हवी असते आणि आपली माणसं मोबाइलमध्ये तोंड न घालता आजूबाजूला हवी असतात. या तिन्ही गोष्टी मामाच्या शेतात आहेत. सिल्लोड तालुक्यात शेत नसलेला मामा शोधून सापडायचा नाही. पहाटे पालोदच्या बाजूने खेळणा धरणाच्या काठाला चक्कर मारा, ऊन चढायच्या आत परत फिरा. उंडणगावकडून हळदा घाटाला गेलात तर गाडी कडेला लावून चार पावलं चाला, साखळी हातातून सोडू नका. दरीत माकडांमागे धावलेलं कुत्रं हाकेने परत येत नाही. पाणी घरून न्या. रेबीजची लस झालेली असू द्या, आणि ती कधी टोचली त्याचा कागद सोबत ठेवा. मामी म्हणेल, “घरात नगं आनू बाबा त्याला.” नाही आणायचं. बाहेर बाभळीखाली बांधायचं आणि स्वतःही तिथंच बाज टाकायची.

सर गेले. ब्रुनोने पहिल्या दिवशी मामाच्या गावरान टायगरकडून गुरगुर ऐकून घेतली, शेपटी पायांत घातली, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून शेणाच्या उकिरड्यात लोळले. सरांच्या मिसेसने त्याचा फोटो टाकला नाही.

एवढंच ध्यानात ठेवा: शेतात नेणार असाल तर मोकळं सोडण्याआधी मिरचीवर फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. कुत्रं ओली पानं चाटतं, सरीतलं पाणी पितं, आणि औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण त्याला वाचता येत नाही.