शांतता, नाश्त्यासह

मे महिना लागला की खान्देशात दोनच प्रश्न उरतात. पाणी कधी येणार, आणि गोव्याला कधी जायचं?

पहिल्याचं उत्तर नळालाही माहीत नसतं. दुसऱ्याचं व्याह्यांना विचारून ठरतं.

पूर्वी गोव्याला जायचं म्हणजे भुसावळ गाठायचं, गोवा एक्स्प्रेस धरायची, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधायची, आणि निम्मा महाराष्ट्र खिडकीतून बघायचा. 2024 मध्ये जळगावहून थेट विमान सुरू झालं. छोटं, पंख्याचं. वेळ वाचला, भाडं वाढलं.

दशम्या मात्र आहेत तशाच.

अलीकडे नवीन खूळ निघालंय. बीच नको म्हणतात. बीचवर फार गर्दी असते. "आम्हाला जरा आतल्या बाजूला, शांत, बुटीक हॉटेल हवंय." म्हणजे खान्देशातून निघायचं, सह्याद्री ओलांडून पश्चिम किनारा गाठायचा, आणि तिथे जाऊन समुद्रापासून लांब राहायचं.

अहो, समुद्रापासून लांब तर आपण आधीच होतो की!

आता हे बुटीक म्हणजे काय? धुळ्यात आग्रा रोडला विचाराल तर मॅचिंग ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान दाखवतील. चूक त्यांची नाही. हॉटेलवाल्यांनी हा शब्द दुकानावरूनच उचललाय. 1984 मध्ये न्यूयॉर्कला स्टीव्ह रुबेल आणि इयन श्रेगर या जोडीने मॉर्गन्स नावाचं हॉटेल काढलं. बाकीची हॉटेलं म्हणजे सगळं मिळणारी मोठाली दुकानं, आमचं म्हणजे बुटीक, असं रुबेलचं म्हणणं.

हे दोघे त्याआधी काय करत होते? स्टुडिओ 54 नावाचा नाइट क्लब चालवत होते. म्हणजे गोंगाट विकत होते. मग करचुकवेगिरीत सापडले, तुरुंगात जाऊन आले, आणि बाहेर पडल्यावर लहान खोल्या भाड्याने द्यायला लागले.

अनुभव वाया जाऊ देऊ नये.

तर मीही गेलो. टीका करायची तर आधी स्वतः राहून बघावं लागतं, असं घरी सांगितलं. घरच्यांनी ते ऐकून लगेच बॅगा भरल्या.

गाव आसगाव. पोर्तुगीज काळातलं घर. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे, दारात बसायला बल्कांव, बागेत एक मांजर. एकूण सहा खोल्या. खोलीत टीव्ही नाही, घड्याळ नाही, फोन नाही. टेबलावर हाताने लिहिलेलं एक कार्ड: 'कृपया हळू बोला.'

हे खान्देशी माणसाला सांगायचं? आपल्याकडे शेजारी बसलेल्याशी बोलतानाही आवाज पलीकडच्या बांधापर्यंत गेला पाहिजे. हळू बोलणारा एक तर आजारी असतो, नाही तर उसने मागायला आलेला.

भाडं साडेसात हजारांना एक रुपया कमी. ही रुपयाची नम्रता कशासाठी? साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के, आत राहिलं तर 5. शांततेलाही स्लॅब असतो.

रात्री अंथरुणावर पडून हिशोब मांडला. मी पैसे मोजले होते ते नसलेल्या गोष्टींचे. टीव्ही नाही त्याचे, गर्दी नाही त्याचे, आवाज नाही त्याचे. एवढं नसणं तर आपल्याकडे कुठल्याही तालुक्यात एसटी शेवटच्या थांब्यावर उतरवते तिथे मिळतं.

फक्त तिथे नाश्ता नसतो.

वेगळे पैसे भरले तर आणखी एक सोय होती. रात्री अंगणात गादी घालून देणार, उघड्या आभाळाखाली. वर मच्छरदाणी, उशाशी कंदील. बायको खुळावली. मला धुळ्याची गच्ची आठवली. संध्याकाळी बादल्या चढवायच्या, फरशीवर पाणी ओतायचं, वाफ निघायची थांबेपर्यंत जिन्यात बसायचं, मग गाद्या. शेजारच्या गच्चीवरून मामी कोणाची सोयरीक कशी मोडली ते सांगायच्या, सगळी आळी डोळे मिटून ऐकायची. पहाटे पाचला कावळा, साडेसहाला तोंडावर ऊन.

आम्ही त्याला 'उघडं आभाळ' म्हणत नव्हतो. 'लाइट गेलीय' म्हणत होतो.

सकाळी सहाला रस्त्यावरून आवाज आला. पों-पों. पों-पों. सायकलचा भोंगा. शांततेचे पैसे भरलेली सगळी मंडळी डोळे चोळत बल्कांवावर. एका गृहस्थांनी मॅनेजरला फैलावरच घेतलं. हा काय प्रकार? कोण आहे हा? उद्यापासून बंद करा.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, तो पोदेर. तुमच्या नाश्त्याचा पाव तोच आणतो."

नाश्त्याला बसलो. पलीकडच्या टेबलावरून हाक आली, "भाऊ, जळगाव का धुळे?"

"धुळे. पण ओळखलंत कसं?"

"पोह्यावर वरून शेव मागितली ना तुम्ही."

हे अमळनेरचे नाना. मागच्या टेबलावर पाचोरा. खांबाआड शिरपूर. पोदेराला बंद करायला निघालेले गृहस्थ साक्रीचे. एकाच विमानातून उतरलो होतो सगळे, आणि विमानतळावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बघून तोंड फिरवलं होतं, कारण प्रत्येकाला शांतता हवी होती. सहापैकी पाच खोल्या खान्देशाच्या. सहावीत बंगळूरचं एक तरुण जोडपं, हातात पुस्तकं घेऊन.

दहा मिनिटांत नानांची आणि पाचोऱ्याची सोयरीक निघाली. वीस मिनिटांत टेबलं जोडली गेली. 'कृपया हळू बोला' कुणीतरी डगमगत्या पायाखाली घातलं.

टेबल तेवढं शांत झालं.

शिरपूरकरांनी मोबाइल काढला. मुलाच्या हळदीचा व्हिडिओ. दोन डीजे, समोरासमोर. व्हिडिओ दाखवताना आवाज पूर्ण लावला, नाही तर मजा कळत नाही. आणि मग म्हणाले, "हल्ली गावात डोकं उठतं हो. म्हणून म्हटलं, चार दिवस शांततेत काढू."

निवासी भागात रात्री आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये, असा नियम 2000 सालापासून आहे. फुकट आहे. नाश्ता नाही, पण जीएसटीही नाही. आपल्याकडे मे महिन्यात 45 चा आकडा इमानदारीने गाठतो तो एकटा पारा.

नाना मात्र खंतावले होते. बागेकडे बघत म्हणाले, "आपलाकडे असं काहीच नही शे."

काहीच नाही? जळगावपासून साठेक किलोमीटरवर अजिंठ्याचं 12 नंबरचं लेणं आहे. पावसाळ्यात भिक्षूंनी भटकायचं नाही, एका जागी राहायचं, त्यासाठी खोदलेला विहार. तीन बाजूंना मिळून 12 खोल्या, प्रत्येक खोलीत दोन दगडी पलंग. वय दोन हजार वर्षांच्या पुढे. खाली वाघूर. टीव्ही नाही, घड्याळ नाही. दर्शनी भिंत पडून गेलीय, म्हणजे आजच्या हिशोबाने 'व्ह्यू'चे वेगळे पैसे लावायला हरकत नाही. बुटीक हॉटेलाला आणखी काय लागतं?

"एसी शे का तठे?" शिरपूर.

एसी नाही. आणि आपण तिथे जाऊन करतो काय? लेण्यात शिरलो की पहिल्यांदा एक आरोळी ठोकतो. घुमतं का बघायला.

बरं, लेणी सोडा. धुळ्याचं जेल घ्या. 1932. बाहेर धुळ्याचा उन्हाळा. 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी विनोबा कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी भराभर लिहून घ्यायचे. 19 जूनला अठरावा अध्याय संपला. अठरा रविवार, अठरा अध्याय, एकही सुट्टी नाही. तीच 'गीता प्रवचने' पुढे देशभर गेली. खोल्या लहान, जेवण साधं, मुक्काम किती दिवस ते सरकार ठरवणार. आज कुणी 'अठरा रविवार, साधं जेवण, फोन बंद' अशी जाहिरात दिली तर पुण्याहून गाड्या लागतील.

न्यूयॉर्कच्या त्या दोघांनी तुरुंगातून बाहेर येऊन हॉटेल काढलं. आपल्या या दोघांनी आत बसून पुस्तक काढलं. बाहेर आलेल्यांचा धंदा जास्त चालला.

साने गुरुजींचं नाव निघताच नाना ताठ बसले. "गुरुजी आमच्या अमळनेरले मास्तर व्हतात!" मग थोडं थांबून, खरोखरच्या उत्सुकतेने, "पण जेलमा नाश्ता देत व्हतात का?"

पाचोरेकरांना मी चाळीसगावची आठवण दिली. त्यांच्या शेजारचंच गाव. स्टेशनाजवळच्या बंगल्यात केकी मूस राहायचे. 1989 मध्ये गेले, त्याआधीची पन्नासेक वर्षं माणूस त्या घरातच. उंबऱ्याबाहेर पडणं जवळपास नाहीच. टेबलावर मुठीएवढ्या वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करायचे आणि त्यांचे फोटो काढायचे. बघणाऱ्याला वाटावं, माणूस डोंगरदऱ्या हिंडून आलाय. कोणी एक जण पंजाब मेलने येणार होती, म्हणून रोज गाडीच्या वेळेला दार उघडं ठेवायचे, असं अजून सांगतात. गर्दीपासून लांब राहावं तर असं.

"बंगला पाह्यला का तुम्ही?" मी विचारलं.

"जाता-येता गाडीतून स्टेशन दिसतं ना," पाचोरेकर म्हणाले. "गाडी तिथं पाच-पाच मिनिटं उभी असते."

तोरणमाळचं विचारलं. सातपुड्यात, सुमारे 1,150 मीटरवर, यशवंत तलाव, उन्हाळ्यातही रात्री पांघरूण लागतं. शेवटचे कधी गेला होता?

"शाळानी सहलले," नाना. त्यांच्या नातवाची शाळा सुटून दोन वर्षं झालीत.

गंमत पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी घरून फोन यायला लागले. स्टेटसवर मांजर, खिडकी, पाव, परत मांजर. समुद्र कुठाय? खरंच गोव्याला गेलात ना, की आपलं कुठेतरी? नानी हादरल्या. एवढा खर्च करून गावात शंका? संध्याकाळी तीन टॅक्सी मागवल्या. गोव्यातल्या टॅक्सीचं भाडं ऐकून साक्रीकरांनी, एवढ्यात आमच्याकडे वऱ्हाड जाऊन येतं, असं ड्रायव्हरला समजावून सांगितलं. ड्रायव्हरने समजून घेतलं. भाडं तेवढंच राहिलं.

बागा बीचवर पाय ठेवायला जागा नव्हती. नानांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घोटाभर पाण्यात उभे राहिले, हात पसरले. मागे दोनशे माणसं. नानींनी फोटोतून माणसं कापत कापत आणली. शेवटी नाना आणि एक लाट उरली.

"पाहा," फोटो गावाला पाठवत नानी म्हणाल्या, "किती निवांत जागा."

परत आलो तेव्हा आठ वाजले होते. शिरपूरकरांच्या बॅगेतून काळा मसाला निघाला, साक्रीकरांच्या बॅगेतून तिखट शेव. शांत हॉटेलात राहायला येताना एवढी शेव कशाला आणतात, हे विचारायचं नसतं. स्वयंपाकी आधी नाही म्हणाला, मग बाजूला उभा राहिला, मग चव घेतली, मग मसाला कुठे मिळतो विचारायला लागला. तर्री अशी आली की मांजर झाडावर. खोकत खोकत सगळे टेबलाभोवती. विषय कापसाचा भाव. पाचोरा आणि साक्रीचं एकमत होईना, आणि एकमत होत नसेल तर आपल्याकडे आवाज वाढवतात.

बंगळूरचं जोडपं पुस्तकं मिटून हळूच उठलं. मॅनेजरच्या टेबलाजवळ गेलं. आमच्याकडे पाठ करून दोघं काहीतरी कुजबुजले. कार्डावरची सूचना पाळणारी तेवढी दोनच माणसं होती त्या हॉटेलात.

त्यांना जवळपास दुसरं एखादं शांत हॉटेल हवं होतं.

नानांच्या ते कानावर गेलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. वाटी खाली ठेवून, आवाज शक्य तितका खाली आणून ते मला म्हणाले, "भाऊ, त्यासले आपलं तोरणमाळ सांगी दिऊ का?"

नानींनी पलीकडून डोळे वटारले.

"नका सांगू. तठे गर्दी हुई जाई."