श्वानबालक-आहार प्रवेशिका (सुधारित दुसरी आवृत्ती)

या प्रवेशिकेची पहिली आवृत्ती पाच दिवस अंमलात होती. सहाव्या दिवशी सकाळी सहा वाजता ती मागे घ्यावी लागली. कारण नियम तिसऱ्यात यथावकाश येईल. वाचकांनी घाई करू नये. घाईने पेपर सोडवणाऱ्यांचं काय होतं, हे प्रस्तुत लेखकाने 31 वर्षे पाहिलं आहे.

लेखकाची पात्रता: तुमसर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत गणित शिकवून निवृत्त. मुक्काम सिहोरा. श्वानविषयक पूर्वानुभव: ओसरीवर चढणाऱ्या गावठी कुत्र्याला ‘हाड’ म्हणणे. आमच्या चिरंजिवांनी पुण्यात शिह त्झू जातीचं पिल्लू घेतलं. महिन्याभरात घर बदललं आणि नव्या घरमालकाने ‘कुत्रा तरी राहील नाही तर तुम्ही तरी’ असं बजावलं. तेव्हा ते तीन महिन्यांचं पिल्लू, दोन कंगवे, एक गादी आणि अकरा पानी सूचना असा संसार आमच्या दारात उतरला. चिरंजीव स्वतः दीड दिवस थांबले.

शिह त्झू म्हणजे चिनी भाषेत सिंह. सिहोऱ्यात आलेला हा सिंह पायलीत मावला असता. नाव कोको. गावाने ते संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून कोका केलं, कारण कोको कुणी पाहिलेला नाही आणि कोक्याचं अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे. “कोक्याच्या जंगलातून धरून आनलं का गा गुरुजी?” बसथांब्यावर विचारणा झाली. “बिबट्यानं लहान मनून सोडून देल्लं दिसते.”

नियम पहिला. पिशवीची पुढची बाजू म्हणजे शाळेचं स्नेहसंमेलन. तिकडे पाहून शाळेची परीक्षा करू नये.

पुढे हिरवं कुरण असतं, भाजलेली कोंबडी असते आणि नुकताच दात घासून आलेला कुत्रा असतो. खरा मजकूर मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तिथे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते. पहिलं नाव मांसाचं असावं, हे चिरंजिवांच्या सूचनांतही होतं. पण गंमत अशी की हे वजन शिजवण्याआधीचं. ताज्या कोंबडीत 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे पहिल्या नंबरचा विद्यार्थी कधी कधी पाणी पिऊन वजनकाट्यावर उभा राहिलेला असतो. ‘चिकन मील’ हे वाळवून दळलेलं मांस. नाव गरीब, पण त्यात प्रथिनं जास्त.

पुण्यात हे समजवायला आलेख काढावा लागेल. आमच्याकडे धान घेऊन खरेदी केंद्रावर जाणारा कुणीही झोपेत सांगेल. ओल 17 टक्क्यांच्या वर गेली की पोतं परत. पाण्याला भाव नाही! तोच हिशेब इथे लावावा. डब्यातल्या ओल्या खाद्यावर प्रथिनं 8 टक्के लिहिलेली, कोरड्या दाण्यांवर 28 टक्के. घाई करणारा विद्यार्थी लगेच दाण्यांना पास करतो. पण डब्यात 80 टक्के पाणी. उरलेल्या 20 भागांत 8, म्हणजे 40 टक्के. दाण्यांत 10 टक्के पाणी, उरलेल्या 90 भागांत 28, म्हणजे 31 टक्के. उदाहरण सोडवून दाखवलं, कारण सवय जात नाही. अमेरिकेत पशुखाद्याची मानकं ठरवणारी आफको नावाची संस्था आहे. तिच्या मते, पाणी वजा जाता, वाढत्या पिल्लाला किमान 22.5 टक्के प्रथिनं हवीत, मोठ्या कुत्र्याला 18 पुरतात. म्हणून मोठ्यांची स्वस्त पिशवी आणून पिल्लाला घालू नये. पिशवीवर ‘पपी’ किंवा ‘ग्रोथ’ हा शब्द हवा आणि ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हेही हवं. नुसत्या ‘ट्रीट’ लिहिलेल्या पाकिटावर कुणाचं पोषण होत नाही, देणाऱ्याचं समाधान होतं.

आता एक दुखरी गोष्ट. आमच्या पिशवीवरच्या यादीत चौथं नाव होतं ‘ब्रुअर्स राइस’. मला वाटलं काहीतरी विलायती धान असेल. शोधल्यावर कळलं, तांदूळ सडताना जो चुरा पडतो तो. म्हणजे कनकी! ज्या कनकीच्या भातावर मी वाढलो, माझा बाप वाढला आणि पुढे हे चिरंजीवही ‘आज पुन्हा कनकी?’ म्हणत वाढले, ती कनकी आमच्या तुमसरच्या गिरण्यांतून पायलीने मिळते. तीच इथे दीड किलोला 1150 रुपयांच्या पिशवीत इंग्रजी नाव लावून बसली होती. मी पिशवीत नाक घालून पाहिलं. ओळख दिली नाही तिने.

नियम दुसरा. दाणा तोंडाच्या मापाचा असावा.

या जातीचं थोबाड दारावर आपटल्यासारखं चपटं. ती दाणा दातांनी उचलत नाही, जिभेने ओढते. पहिल्या पिशवीतले दाणे हरभऱ्याहून मोठे निघाले. कोको एक दाणा तोंडात धरून माझ्या चपलेपर्यंत न्यायचा, तिथे ठेवायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. लहान जातींसाठीचे बारीक दाणे वेगळे मिळतात, ते आणावेत.

नियम तिसरा. तक्ता वाचावा. नीट वाचावा.

पिशवीच्या मागे तक्ता असतो. डावीकडे किलो, वर महिने, मधल्या चौकटीत रोजचे ग्रॅम. गणिताच्या मास्तराला यापरतं सुख नाही. मी पिल्लू किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवलं. दुकानदाराने सवयीने चिठ्ठीही फाडून दिली: ‘कुत्रा 1.850’. मी 2 किलोची ओळ धरली, तीन महिन्यांचा रकाना धरला, ग्रॅम टिपले आणि दोन वेळांत विभागले, कारण सभ्य माणसं दोनदा जेवतात. पुढले पाच दिवस एकेक दाणा मोजून दिला. बायको म्हणाली, “अहो, ते भुकेलं आहे.” मी म्हटलं, “तक्त्यात बसत नाही.” तिसऱ्या दिवशी त्याने चपलेचा पट्टा खाल्ला. मी त्याला ‘दात येण्याचं वय’ असं शास्त्रीय नाव दिलं.

सहाव्या दिवशी पहाटे ते चुलीजवळ पडलं होतं. पाय थरथरत होते. हाक मारली तर मान उचलेना. मी पिशवी आणायला धावलो, म्हणजे वाचायला. बायकोने तोवर गूळ पाण्यात कुस्करला, बोट बुडवलं आणि त्याच्या हिरड्यांवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. ती काही बोलत नव्हती. मीही नाही. थोड्या वेळाने त्याने तिचं बोट चाटलं.

मग मोटारसायकलने तुमसर. मागे ती, तिच्या पदरात सिंह. डॉक्टरांनी तपासलं, रक्तातली साखर उतरल्याचं सांगितलं, सुई दिली आणि मी सोबत नेलेल्या पिशवीवर बोट ठेवलं. “गुरुजी, इथं काय लिहिलंय?” डाव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं: मोठेपणीचं अपेक्षित वजन. आजचं नव्हे! हे पिल्लू मोठेपणी पाच-सहा किलोंचं होणार. मी त्याला निम्म्याहून कमी खाऊ घातलं होतं. ‘प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिले आहे’ असा शेरा मी आयुष्यभर लाल शाईने किती वह्यांवर मारला असेल! परतताना बारक्या गावांच्या पाट्या वाचत आलो. नीट वाचल्या.

शास्त्र असं: इवल्या अंगात साखरेचा साठा इवलासा असतो, आणि जीव जितका लहान तितका तो अंगातली ऊब लवकर गमावतो. वजनाच्या मानाने पिल्लाला मोठ्या कुत्र्याच्या जवळपास दुप्पट अन्न लागतं, आणि पोट तर लिंबाएवढं. म्हणून चार महिन्यांपर्यंत दिवसातून चारदा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, पुढे दोनदा. रात्रभराची उपासमार नको. थरथर, झिंगल्यासारखी चाल किंवा सुस्ती दिसली तर गुळाचं पाणी, मध किंवा ग्लुकोज हिरड्यांना चोळून थेट दवाखाना गाठावा. पिल्लू शुद्धीवर नसेल तर घशात ओतू नये. वाचन नंतर.

नियम चौथा. (रद्द. ‘घरातील इतर व्यक्तींनी पिल्लास परस्पर काही देऊ नये’ असा हा नियम होता. इतर व्यक्तीने तो वाचून दाखवायला सांगितला आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं.)

नियम पाचवा. सल्ला देणाऱ्यास चहा द्यावा, सल्ला मात्र पिल्लास देऊ नये.

आमच्या ओसरीवर रोज एक तज्ज्ञ येतो. एक म्हणाला, दूध-पोळी. बऱ्याच कुत्र्यांना गाईचं दूध पचत नाही, पोट बिघडतं. हे आम्ही अंगणात सिद्ध करून पाहिलं. दुसरा म्हणाला, “कोंबडीची हाडं टाका ना गुरुजी, कुत्रं आहे का जावई?” शिजवलेली हाडं चिरफळतात आणि आतड्यात रुततात. तिसरा म्हणाला, “जे आपन खातो तेच चारा.” आपण खातो त्यात कांदा, लसूण असतो, आणि ते कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षं, बेदाणे मूत्रपिंडावर जातात. चॉकलेटही विषारी, कारण त्यातला कोको. म्हणजे आमच्या पिल्लाचं नावच पिल्लाला विष आहे! नाव ठेवताना चिरंजिवांनी मागची बाजू वाचली नव्हती.

चौथे तज्ज्ञ वारकरी. वय 78. त्यांनी तुपाचा आग्रह धरला. मी म्हटलं, जास्त स्निग्ध पदार्थांनी स्वादुपिंडाला सूज येते. ते म्हणाले, “नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले, ते तुमच्या डॉक्टरले इचारून धावले का?” यावर उत्तर सुचायला मला दोन दिवस लागले. नामदेवांच्या कुत्र्याने कोरडी भाकर नेली होती. 16 टक्के स्निग्धांश आधीच असलेले दाणे नव्हेत. पण तोवर वाटी चाटून झाली होती.

पिशवी परवडत नसेल त्याने लाजू नये. भात, उकडलेलं अंडं, हाड काढलेली बिनमसाल्याची कोंबडी यांवर पिल्लू आनंदाने जेवतं. अडचण एवढीच की नुसत्या मांस-भातात कॅल्शियम फार कमी पडतं आणि वाढत्या हाडांचं नुकसान होतं. किती घालायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. उलट पूर्ण आहाराची पिशवी चालू असेल तर वरून कॅल्शियमची बाटली ओतू नये.

नियम सहावा. खाद्य बदलायचं तर आठवड्याभरात, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. नाहीतर नियम पाचव्यातलं अंगण.

नियम सातवा. पिशवी लहान आणावी. आमच्या उन्हाळ्यात तेलकट दाण्यांना लवकर खवट वास येतो. मूळ पिशवीतच गुंडाळून, पत्र्याच्या कोठीत, धानाच्या उंदरांपासून दूर.

नियम आठवा. पिल्लाच्या मालकास रोज अहवाल द्यावा.

रात्री साडेनऊला चिरंजिवांचा व्हिडिओ कॉल येतो. पहिला प्रश्न: “बाबा, त्याने काय खाल्लं?” दुसरा: “किती ग्रॅम?” तिसरा: “शी कशी होती?” हा मुलगा पुण्यात नोकरीला लागून सहा वर्षं झाली. सहा वर्षांत त्याने मला किती ग्रॅम विचारलेलं नाही. माझी साखर वाढली तेव्हा ‘गोड कमी खा’ एवढे तीनच शब्द सांगून फोन ठेवला होता. कोकोला सुई दिली त्या रात्री मात्र रेल्वेचं तिकीट बघत होता. त्याच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, “तुम्ही तरी तुमच्या बाबांना कधी विचारलं होतं?” हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

परवा असाच कॉल आला. मी अहवाल दिला: चार वेळा, वजन 2.300, दुकानदाराची चिठ्ठी जोडली आहे. चिरंजीव खूश. पडद्यावर त्यांच्या मागे संगणक चालू, पुढ्यात कागदी पेला, त्यातून वाफ येत होती. काट्याने काहीतरी लांबलचक ओढणं चाललं होतं.

“तू काय खातोस?” मी विचारलं.

“नूडल्स. आज उशीर झाला.”

“कालही तेच होतं ना?”

“बाबा, कोको दाखवा ना.”

“दाखवतो. आधी पेला फिरव. मागची बाजू. पहिलं नाव काय लिहिलंय?”

त्याने डोळे बारीक करून पाहिलं. “मैदा.”

“दुसरं?”

“पाम तेल.”

स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, “आणि वेळा किती, तेही विचारा.”