उसाला गिऱ्हाईक एकच का?

सप्टेंबर २०२३मध्ये राज्य सरकारने आदेश काढला: महाराष्ट्रातला ऊस परराज्यात गाळपाला न्यायचा नाही. पाऊस कमी झाला होता, कारखान्यांना ऊस कमी पडणार होता. म्हणून कर्नाटकातला कारखाना चार पैसे जास्त देत असला, तरी सीमेवरच्या शेतकऱ्याने ऊस इथेच घालायचा! शेतकरी संघटना पेटून उठल्या आणि आठवडाभरात सरकारने आदेश मागे घेतला. तरी नियत दिसलीच. टंचाईत भाव वाढू नये म्हणून सरकारने गिऱ्हाईकच अडवले.

ही अडवणूक त्या एका हंगामापुरती नाही. केंद्राच्या १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती झाली. नवा कारखाना जुन्यापासून हवाई अंतराने किमान १५ किलोमीटर लांब हवा, हे अंतर राज्ये वाढवू शकतात. महाराष्ट्राने ते २५ केले. आकडा किरकोळ वाटतो, पण १५च्या जागी २५ची त्रिज्या घेतली की वर्तुळाचे क्षेत्रफळ पावणेतीन पट होते. तेवढ्या मुलखात जुन्या कारखान्याला नवा स्पर्धक येणार नाही, याची हमी सरकारनेच दिली.

ऊस हा घरात साठवून ठेवायचा माल नव्हे. तोडल्यावर दिवसभरात गाळला नाही तर वजन घटते, साखर उतरते. लांबच्या कारखान्याला घालावा तर वाहतुकीतच पैसा संपतो. आडसालीचा शेतकरी पीक दीड वर्ष सांभाळतो आणि शेवटी चिटबॉयच्या, म्हणजे तोडीचा क्रम लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागे फिरतो. तोड कधी मिळणार? फेब्रुवारी उलटला, उसाला तुरे आले, फडात वजन घटते आहे. मग तोडणी टोळीला खुशालीचे वरचे पैसे द्या, ट्रॅक्टरवाल्याला एंट्रीचे द्या. वजन कारखान्याच्या काट्यावर, साखरेचा उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत, तोडणी-वाहतुकीचा खर्चही कारखानाच कापून घेणार.

एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, आहे ना, असे सांगितले जाते. आहे. २०२५-२६साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. पण दर कायद्याने बांधला आणि वजन, उतारा, तोडीची तारीख एकाच खरेदीदाराच्या हाती ठेवली, तर त्या दराला अर्थ किती उरतो? १४ दिवसांत पैसे द्यायचे, हेही १९६६च्याच आदेशात आहे. तरी राज्याने २०२२मध्ये एफआरपी हप्त्यांत तुकडे करून द्यायला परवानगी दिली. तो निर्णय रद्द व्हायला २०२५ उजाडले, तेही उच्च न्यायालयात जाऊन.

बाजारातल्या प्राबल्याचा गैरवापर रोखणाऱ्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमात प्रबळ खरेदीदाराने लादलेला अन्याय्य खरेदीदरही येतो. गुगलला २०२२मध्ये १,३३७ कोटींचा दंड झाला, तो याच कलमाखाली. उसात मात्र प्राबल्याला कुंपण घालून देणारे सरकारच आहे.

अंतराची अट काढली तर कारखाने उसाअभावी बंद पडतील, हा युक्तिवाद मला पटत नाही. जुने कारखाने आपली गाळप क्षमता वाढवत नेतात, तेव्हा ऊस कुठून येणार हे कुणी विचारत नाही. टंचाईची भीती फक्त नव्या कारखान्यापुरतीच का? सभासद शेतकरीच मालक आहे, असेही म्हणतात. राज्यातले जवळपास निम्मे कारखाने आज खासगी आहेत, तिथे तेवढेही नाही. आणि सहकारी कारखान्याचा सभासद झाला, तरी पाच वर्षांतून एकदा मत देऊन यंदाची तोड लवकर मिळत नाही. शेजारी दुसरा कारखाना उभा असेल, तर चिटबॉय आपणहून बांधावर येतो.

साखर उद्योगावरची नियंत्रणे तपासणाऱ्या रंगराजन समितीने २०१२मध्येच ही अंतराची अट काढा म्हणून सांगितले होते. पूर्ण काढणे दिल्लीच्या हातात आहे, ठीक. पण १५चे २५ महाराष्ट्राने केले. ते परत १५ करायला मुंबईतली एक सही पुरते.